काट्यावरची पुस्तकं

सावद्याच्या पुढे, रावेर रस्त्याला आमचा काटा. साठ टनी.
ट्रक चढला की आकडे पळतात, डगमगतात, थांबतात.
मी पावती फाडतो आणि पुन्हा ओळ शोधतो.
रात्रपाळीचं वाचन हे असं,
दर बारा चाकांमागे एक परिच्छेद.

एकदा काट्यावर पुस्तकच ठेवून पाहिलं.
दहा किलोच्या आतलं त्याला दिसत नाही.
शून्य आलं.
भारंबे सर म्हणाले, बरोबर दाखवतोय,
हे मी वाचेल हाय.

सर गणिताचे. प्रत्येक पुस्तकाला पन्नास पानांची उधारी,
एक्कावन्नाव्या पानावर वसुली.
नाही जमलं तर मिटून डिकीत,
ठिबकच्या नळ्या आणि तोट्यांच्या खाली.
आता किती वाचणं राहिलं भो, म्हणतात,
त्यात कायले कोणाचा पसारा आवरू?

न्हावीच्या दवाखान्यातल्या फिरके सिस्टर
शेवटचं पान आधी वाचतात.
मी एकदा चिडलो. सगळी मजा जाते म्हणालो.
त्या म्हणाल्या, कोण जाणार ते कळलं
की बाकीचं निवांत वाचता येतं.
ड्यूटीवर तशी सोय नाही.

आणि दिलदार तडवी, पालकडचा वनरक्षक.
आवडलेल्या पुस्तकाची शेवटची दहा पानं
तो वाचतच नाही, दुसरं हाती येईपर्यंत.
घरात पीठ संपू देऊ नये, तसं.

मे महिन्यात त्याला मी माझं पुस्तक दिलं.
माझं म्हणजे, तीनदा वाचलेलं,
सत्तेचाळीस डिग्रीत डिंक सुटून
पाठीतून हललेलं, रबर लावलेलं.
काही बोललो नाही. वाच, इतकंच.
देताना हात मात्र उगाच जड झाला.

तिसऱ्या दिवशी परत.
चहा झाला. वणव्याचं झालं, बिबट्याच्या माग्याचं झालं,
बदलीचं झालं.
गाडीला किक मारता मारता म्हणाला,
भाषा चांगली हाय.

भाषा चांगली आहे!
मुलगी पाहून निघताना पाहुणे म्हणतात ना,
पोहे छान झाले होते.

आठवडाभर त्याचा फोन उचलला नाही.
सरांना सांगितलं तर ते हसले,
सिस्टर म्हणाल्या, तुम्ही पुस्तक देत नाही हो,
परीक्षा घेता.
तेही लागलं.

मग एका रात्री, केळीची गाडी काट्यावर उभी असताना,
रबर काढलं.
पान एकशे बारा. कोपऱ्यावर काळा डाग, अंगठ्याएवढा.
एकशे चाळीसवर पुन्हा. दोनशे सहावर दोन.
केळीचा चीक. लागतो तेव्हा पाण्यासारखा,
कळत पण नाही. दुसऱ्या दिवशी काळा पडतो,
आणि मग कशानेच जात नाही.

दिलदार केळीत जात नाही.
फोन केला. गप्प बसला. मग म्हणाला,
मी कुठं वाचलं भो, हात लावू दिला तर ना.
बहीण वाचे. हलीमा. खिरोद्याकडे पॅकिंगच्या शेडात
फण्या धुवायले जाते. दोन रात्री लाइट बंद केला नही तिनं.
मंग तूच म्हनली, देऊन ये आता, नाहीतर कामाले जानं होनार नही.

आणि मला काय सांगितलंय?
काही नही. त्या बाईनं परत जायले नको होतं म्हने.
लिहिनाऱ्याले घाई झाली व्हती.

तीनदा वाचलं मी.
तीनदा ती बाई परत गेली, मी डोळे पुसले, पावती फाडली.
नको होतं जायला, हे एकदाही डोक्यात आलं नाही.
आता येतं. गाडी काट्यावर असताना, नसताना.
कधी वाटतं हलीमा चुकतेय.
कधी वाटतं, तिथेच काटा शून्य दाखवत होता
आणि मी वजन लिहीत होतो.

कपाटासमोर उभा आहे. तिला दुसरं काय द्यावं?
पाहिलेलीसुद्धा नाही मी तिला.
हे पातळ वाटतं, ते रडकं,
हे मला आवडतं म्हणूनच भीती वाटते.
सर म्हणतात, पन्नास पानं बघ. सिस्टर म्हणतात, शेवट बघ.

बाहेर हॉर्न. एम.पी. पासिंग.
आलो रे बाबा,
आलो, थांब जरा.